दोन बोटं कमी

आमच्या गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर पटेल तर शपथ. विहिरीचं पाणी गोड की मचूळ, यावरही दोन तट. पण वळणावरचा खड्डा आमच्या ह्यांनीच खणलाय, यावर मात्र सगळ्या गावाचं एकमत झालं होतं.

कारण उघड होतं. वळणापासून चाळीस पावलांवर आमचं पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची पडवी. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली माती. मोटारसायकल खड्ड्यात आदळली की ट्यूब तरी फुटायची नाहीतर रिमला पोचा यायचा, आणि माणूस शिव्या घालत, गाडी ढकलत थेट आमच्या दारात यायचा.

"तुझ्याच खड्ड्यात वाकली. आता तूच सरळ कर."

हे हसायचे. ह्यांचं हसणं म्हणजे खाली बघून नाकातून हवा सोडणं. मग लाकडी हातोड्यानं रिम ठोकत बसायचे. मला नाही बाई असलं हसता येत. चहाच्या टपरीवाला एकदा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वहिनी, हा खड्डा म्हणजे तुमच्या घरचा जावई. त्याची बडदास्त ठेवायलाच पाहिजे." चौघं खो खो हसले. मी म्हटलं, "तुमच्या दुधात पाणी किती असतं ते मी कधी चारचौघांत विचारलंय का?" तेव्हा कुठं गप्प बसला.

पावसानं त्या वर्षी कहर केला होता. तीन महिने झाले तरी जायचं नाव घेत नव्हता. रस्त्याचं डांबर पोपडे धरून निघत होतं, पण बाकीचे खड्डे दिसायचे तरी. हा वळणावर, त्यात सदा पाण्यानं भरलेला. नवख्या माणसाला वाटायचं, साधं डबकं आहे. आमच्याकडं कामाला खंड नव्हता. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते शोधायचं काम माझं. दिवसभर हात पाण्यात, बोटांची कातडी पांढरीफटक पडायची. ती बोटं घेऊन मी गिरणीवर दळण न्यायला गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या.

सासूबाई दारात बसून सांगायच्या, "कर नाही त्याला डर कशाला? तू कशाला मनाला लावून घेतेस?"

मी मनाला लावून घेत होते, कारण मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. हे रस्त्याच्या कचेरीत चार वेळा अर्ज घेऊन गेले होते, ते खरं. चौथ्या वेळेला तिथला मोजणीचा माणूस येऊनही गेला. हातात नेहमी काठी, म्हणून सगळे त्याला काठीसाहेब म्हणतात. तो आला तेव्हा मी गिरणीवर होते. परत आल्यावर विचारलं, काय म्हणाले? तर हे म्हणाले, "बघू म्हणाले." एवढंच. नजर हातोड्यावर. पंधरा वर्षं संसार केलाय मी. हा माणूस खरं बोलतो तेव्हा तोंडाकडं बघून बोलतो.

त्यानंतर आठवड्यानं ह्यांनी एक जुनं टायर चुन्यानं पांढरं केलं आणि खड्ड्यात उभं करून ठेवलं. लोकांना लांबून दिसावं म्हणून. चांगलं केलं, असं कुणी म्हटलं का? छे! गिरणीवरची एक म्हणाली, "आपल्या वावराला हद्दीचा दगड लावलाय." दुसरी म्हणाली, "दुकानाची पाटी आहे ती." मी दळण घेऊन निघाले, पण कान तापले ते तापलेच. दोन दिवस ते टायर मला जाता येता डोळ्यांत खुपत होतं. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास पाण्याला गेले आणि येताना ते टायर खड्ड्यातून उपसलं, ओढत आणलं आणि घरामागं फेकून दिलं. नको ती पाटी आणि नको ते उपकार!

त्यानंतर तासाभरात दूधवाला पडला.

आवाज आधी कॅनचा आला. पत्र्यावर पत्रा आदळावा तसा. मग माणसाचा. मी आणि हे एकदमच धावलो. गाडी आडवी, मागचं चाक अजून फिरतंय, दूध रस्त्यावरून वाहत खड्ड्याच्या गढूळ पाण्यात उतरतंय, आणि दूधवाला एका कुशीवर पडून स्वतःच्याच हाताकडं बघतोय. हात नको तिथून वळला होता. तो ओरडतही नव्हता. नुसता म्हणत होता, "दूध बघा, अहो दूध बघा कुणीतरी."

ह्यांनी त्याला उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात नेऊन परत आले तेव्हा सदरा दुधानं आणि चिखलानं कडक झालेला. दुकानात आल्या आल्या विचारलं, "टायर कुठं गेलं?"

"पाण्यानं वाहून गेलं असेल," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. मला तेच जास्त लागलं.

दुपारी दूधवाल्याची बायको आली. बाई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, अंगानं काटक, चार म्हशी एकटीनं पिळणारी. ती दुकानासमोर रस्त्यात उभी राहिली. आत आली नाही.

"खांद्याचा चुरा झालाय," ती म्हणाली. "तुमचं पोट भरलं का आता?"

टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. गिरणीवाला दारात आला. ह्यांची खाली मान, हातात हातोडा. अहो, बोला की काहीतरी! पण नाही. मग मीच पुढं झाले. 

"ताई, तुमचं दुःख मोठं आहे, म्हणून ऐकून घेतलं," मी म्हटलं. "पण माझ्या नवऱ्यानं त्या खड्ड्याला हात लावला असेल तर माझी जीभ झडून पडो! सगळ्या गावासमोर सांगते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बघू, किती दिवस राहते तोंडात ती." आणि निघून गेली. तिच्या नवऱ्याची वाकडी गाडी मात्र तिनं आमच्याच दुकानात राहू दिली. दुसरीकडं न्यायची कुठं?

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं टायर उचकटायला मला पहार लागली. ती कोपऱ्यात नेहमीच्या जागी नव्हती. पोत्यांच्या मागं आडवी ठेवलेली सापडली. टोकाला डांबर चिकटलेलं, त्यात बारीक खडी. मी नखानं खरवडून पाहिलं. ट्रॅक्टरच्या टायरला डांबर कुठून येणार? मी पहार जिथं होती तिथं तशीच ठेवली आणि पाण्याच्या घमेल्यासमोर येऊन बसले. कुठली ट्यूब आणि कुठला बुडबुडा, मला काही दिसेना.

त्या दिवसापासून मी घरात चोरासारखी वागायला लागले. ह्यांच्या विजारीचे गुडघे बघायचे. चपला उलट्या करून बघायच्या. जेवताना हे म्हणाले, "पाठ दुखते," की माझ्या मनात लगेच, का दुखते? रस्त्यावर कुणी नसताना मी खड्ड्याशी बसून पाण्यात हात घालून पाहिला. मनगटाच्या वर चार बोटं पाणी आलं. दोन दिवसांनी पुन्हा घातला. आता साडेचार बोटं. खड्डा काय रोपटं आहे, रोज वाढायला?

सासूबाईंना विचारलं, "हे दुपारी कुठं जातात?"

"कर नाही त्याला—"

"पुरे हो आई तुमचं ते!" मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली.

मग बुधवार आला. भर दुपारी असा पाऊस कोसळला की टपरीवाल्यानं फळ्या लावल्या, गिरणी थांबली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा राहिलं नाही. हे म्हणाले, "जरा पत्रे बघून येतो मागचे." पोत्यांमागचा कोपरा मी आधीच बघितला होता. पहार तिथं नव्हती. मी डोक्यावर पोतं घेतलं आणि मागं न जाता पुढं वळणाकडं गेले.

हे गुडघ्यांवर बसले होते. पाठीवरून पाणी ओघळत होतं. दोन्ही हातांनी पहार उचलून खड्ड्याच्या तळाशी मारत होते, पाण्यातच. धप्प असा आवाज यायचा आणि चिखल तोंडावर उडायचा. हळूहळू, मन लावून, एखादं अवघड रिम सरळ करावं तसं. मला तो माणूस त्या क्षणी अगदी परका वाटला.

"कशासाठी?" शेवटी मी म्हटलं. "दोन पंक्चर जास्त मिळावीत म्हणून? त्या माणसाचा हात गेला हो! मी गावासमोर जिभेची शपथ घेतली!"

ते उठले नाहीत. पहारीवर हात टेकून बसल्या जागेवरूनच म्हणाले, "दोन बोटं कमी पडतात."

"काय?"

"काठीसाहेबाच्या काठीवर लाल पट्टा आहे. खड्ड्यात काठी उभी करायची. पट्टा रस्त्याच्या खाली गेला तरच खड्डा दुरुस्तीच्या वहीत चढतो. वर राहिला तर नाही. आपला दोन बोटं वर राहिला. म्हणाला, पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. मी म्हटलं, साहेब, माणसं पडतात इथं. तर म्हणाला, माणसं मोजायची काठी नाही माझ्याकडं." त्यांनी तोंडावरचा चिखल पुसला. "तिथं सगळे हसले. मला सांगवेना तुला. तो उद्या परत येतोय, पलीकडच्या रस्त्याला. तेवढं खणलं की जाता जाता मोजून घेईल."

मी तिथंच चिखलात बसले.

"दूधवाला पडला तेव्हा किती खणलं होतं?"

"एक बोट." मग जरा थांबून, "म्हणून तर टायर ठेवलं होतं. खणलं आणि लगेच ठेवलं. ते कसं गेलं तेच कळत नाही मला. रोज तोच विचार करतो."

पाऊस कानात शिरत होता. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. ह्यांना कधी कळलं नसतं. पण इतके दिवस मी ह्यांच्या चपला उलट्या करून बघत होते, आणि टायर घरामागं गवतात पडलेलं होतं.

"मी काढलं," मी म्हटलं. "बायका बोलायच्या म्हणून."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील, पहार फेकतील, मला वाटलं. पण त्यांचा चेहरा नुसता सैल पडला.  आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणणार?

"मग आता थांबायचं का?" ह्यांनी विचारलं.

"थांबून काय? अजून किती राहिलंय?"

"अर्धं बोट."

"आता सोडलं तर त्याचं पडणंसुद्धा फुकट जाईल," मी म्हटलं आणि माझंच मला नवल वाटलं. मी ओंजळीनं तळातली सुटलेली खडी बाहेर काढायला लागले. हे मारत होते, मी उपसत होते. कडेचं डांबर दोन ठिकाणी ताजं तुटून काळं चमकायला लागलं, तिथं मी चिखल थापला. "असं कुठं उघडं ठेवतात?" मी म्हटलं. "चोरी करायची तर धड तरी करावी." मग ते पांढरं टायर मी स्वतः आणून खड्ड्यात उभं केलं.

गुरुवारी काठीसाहेब आला. हे त्याला वळणापाशी आडवे गेले, हात जोडले. त्याच्या जीपभोवती गाव जमलं. दूधवाली दोन कॅन दोन हातांत धरून चालत येत होती. नवरा गाडीवर नेत होता ते दूध ती आता पायी पोचवायची. गर्दी बघून थांबली, कॅन खाली ठेवले. हाताच्या तळव्यांवर लाल वळ उठले होते.

काठी उभी केली. लाल पट्टा पाण्यात गेला. सगळा.  काठीसाहेबानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मग त्याची नजर कडेवर गेली. तो खाली बसला. अंगठ्यानं चिखल घासला. खालचं ताजं डांबर चकाकलं.

"हे खणलंय कुणीतरी," तो म्हणाला. "गेल्या वेळी दोन बोटं कमी होतं. कुणी खणलं? सरकारी रस्ता आहे. तक्रार जाईल, आणि हा खड्डा यादीत येणार नाही. कुणी खणलं ते सांगा."

गाव ह्यांच्याकडं वळलं. एकूण एक तोंड. ह्यांनी मान वर केली आणि ओठ उघडले. मला कळलं, हा माणूस आता खरं सांगणार. कितीतरी दिवसांनी तो समोरच्याच्या तोंडाकडं बघत होता. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

"कुणी नाही खणलं," दूधवाली म्हणाली.

ती कॅन तिथंच सोडून पुढं आली. "माझा नवरा पडला इथं. गाडीचा स्टँड आणि दोन कॅन, भरलेले. कड फुटणार नाही तर काय होईल? तळसुद्धा त्यानंच उखडलं. विचारा हवं तर कुणालाही."

काठीसाहेबानं गर्दीकडं पाहिलं. टपरीवाला खाकरला. "हो साहेब. मी बघितलं ना. हा एवढा ढलपा उडाला." गिरणीवाला म्हणाला, "इथं कोण खणणार? लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?" मग काय, सगळेच बोलायला लागले. तीन महिने ज्यांनी आमच्या पहारीचा जप केला, त्यांच्यातल्या कुणालाही आमच्या घरात पहार आहे हे आठवेना. काठीसाहेब काय समजायचं ते समजला असावा. पण वीस माणसांविरुद्ध एकटा काय करणार? त्यानं वहीत लिहिलं आणि जीप गेली.

मी दूधवालीकडं गेले. "ताई—"

"आत्ता नको," ती म्हणाली. कॅन उचलले आणि चालू लागली. माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

बारा दिवसांनी डांबराची गाडी आली. खडी पडली, वाफा निघाल्या, रोलर पुढं-मागं, पुढं-मागं फिरला. सगळं गाव बघायला उभं होतं. दूधवालीही होती, एका बाजूला, पदर खांद्यावर घट्ट ओढून. संध्याकाळपर्यंत वळण असं सपाट झालं की तिथं काही होतं हेच खरं वाटेना. रोलर निघून गेला, लोक पांगले. मग ती आमच्या दुकानाकडं आली. या वेळी रस्त्यात थांबली नाही. पत्र्याखाली आली.

हे तिच्या नवऱ्याची गाडी पुसत होते. रिम सरळ केलं होतं, आरे नवे घातले होते. सासूबाई दारात बसल्या होत्या.

"रस्ता झाला," ती मला म्हणाली. "आता कुणी उखडणार नाही तो. आता सांग. खणला होता ना?"

नाही म्हणायला काय जात होतं? ती स्वतःच सगळ्यांसमोर नाही म्हणाली होती. सासूबाई माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, नको, नको. हे फडकं धरून उभे राहिले. मी तिचे तळवे पाहिले. लाल वळांच्या जागी आता घट्टे पडले होते.

"हो," मी म्हटलं. "ह्यांनी खणला. तुमचे मालक पडले तेव्हा एक बोट खणून झाला होता. लोकांना दिसावं म्हणून ह्यांनी टायर ठेवलं होतं. ते त्या दिवशी सकाळी मी काढलं."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता हात उगारेल. उगारावा, असंच वाटत होतं. 

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "टायरचं नव्हतं माहीत."

मग ती ह्यांच्याकडं वळली. "गाडी चालते का?"

"चालते, ताई," हे म्हणाले.

"मग उद्यापासून उजाडता माझ्या दारात यायचं. कॅन बांधायचे आणि दूध पोचवून यायचं. रोज. ते बरे होईपर्यंत."

"येईन," हे म्हणाले. लगेच म्हणाले.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात, ताई? किती दिवस लागतील?"

तिनं तिचा उजवा हात हळूहळू उचलला. खांद्यापर्यंत आणला आणि तिथंच अडकल्यासारखा थांबवला. "इथपर्यंत येतो त्यांचा. याच्या वर येणार नाही म्हणाले, कधीच. आता किती दिवस ते तुम्हीच मोजा. तुमच्या घरात मोजायची सवय आहे."

ती पत्र्याखालून बाहेर पडली आणि नव्या डांबरावरून घरी गेली. त्याला आता चार वर्षं झाली. हे अजून रोज जातात.